मला काही सांगितलं नव्हतं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोटच्या मुलीजवळ नाही. देवासमोर हात जोडले तेव्हासुद्धा नाही — तिथं मी दुसरंच काहीतरी मागत राहिले. तुमची-माझी ओळख नाही, बहुतेक म्हणूनच जीभ उचलते आहे. पण सुरुवात कुठून करू? मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, एवढंच ना? आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं की माझीच बाजू मांडल्यासारखं होतं. तसं व्हायला नको आहे मला.

मी अंगणवाडी सेविका होते. हरसूलच्या पुढे, डोंगराला लागून आमचं गाव. नाव लिहीत नाही. खाली गावठाण आणि वर विखुरलेले चार पाडे. पोरांना गाणी शिकवायची, त्यांची वजनं घ्यायची, गरोदर बायांच्या नोंदी ठेवायच्या, यात माझं आयुष्य गेलं. गावात सरकारी उपकेंद्र आहे, म्हणजे दोन खोल्यांचा छोटा दवाखाना आणि मागे नर्सला राहायला एक खोली. ते माझ्या अंगणवाडीला खेटूनच. भिंतीला भिंत.

आणि गावात आरोग्य समिती आहे. ती प्रत्येक गावात असते, कागदावर. आमची मात्र खरोखर बसते. सरपंचबाई अध्यक्ष आणि मी सचिव, पाड्यापाड्यातल्या बाया, एक आशा कार्यकर्ती. आमच्या गावाचं उदाहरण देतात लोक. गाव आणि ग्रामपंचायत एक झाली तर दवाखाना कसा सुधारतो — हे सांगायला मला बोलावतात. सिन्नरला बोलावलं, पेठला बोलावलं. मी माइक हातात धरते आणि गोष्ट सांगते. ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की कुठं थांबलं की बाया डोळ्यांना पदर लावतात, हेही मला पाठ झालं आहे.

ती गोष्ट अशी. आमच्या गावात सुनंदा नावाची पहिलटकरीण होती. दिवस भरत आलेले. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. घरचे तिला घेऊन उपकेंद्रात आले, तर दाराला कुलूप. सिस्टर कुठं गेली, कधी येणार, कुणालाच ठाऊक नाही. तासभर वाट बघितली. शेवटी प्रवासी जीप मिळाली, हरसूलच्या वाटेला लागले, आणि घाटातच बाळ झालं. रडलं नाही. मग गाव पेटून उठलं. समितीने लेखी तक्रार केली, जनसुनवाईत साहेबांपुढे मांडली, सिस्टरची बदली झाली. नंतर ग्रामपंचायतीने ठराव केला आणि आज आमच्या गावात कुठलीही बाई वाऱ्यावर नसते.

टाळ्या वाजतात. मी माइक खाली ठेवते.

यातलं बाळ खरं आहे. कुलूप खरं आहे. ठराव खरा आहे. मग खोटं काय?

वैशाली सिस्टरबद्दल सांगते आधी. आमच्याकडे तिच्या अगोदर चार-पाच नर्सा आल्या. सगळ्या नाशिकहून येऊन-जाऊन करायच्या. सकाळची एसटी चुकली की त्या दिवशी दवाखाना नाही. वैशाली सिस्टर पहिली, जी मागच्या खोलीत राहिली. तिची मुलगी लहान होती, तिला नाशिकला आईजवळ ठेवलेली. आठवड्यातून एकदा भेटायला जायची, तेही कुणी बाई अवघडलेली नसेल तरच. तिला नागलीची भाकरी आवडायला लागली होती. माझ्या घरून न्यायची आणि भांडं परत करताना रिकामं द्यायची नाही, शेंगदाणे नाहीतर चार केळी घालून द्यायची. मला ताई म्हणायची. वयानं माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान.

सुनंदाला रक्त कमी होतं. सिस्टरनं तिच्या मागं लागून गोळ्या खायला लावल्या होत्या. समोर उभी राहून, पाण्याचा तांब्या हातात देऊन.

आता तो दिवस. बाजाराचा दिवस होता. सकाळी नऊ-साडेनऊला सिस्टर अंगणवाडीच्या दारात आली. खांद्याला लसीचा डबा. सगळ्यात वरच्या पाड्यावर त्या दिवशी लसीकरण होतं, आशा पुढे निघून गेली होती. त्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, हे सगळ्यांना माहीत.

ती म्हणाली, “ताई, सुनंदाचा भरवसा नाही. काल तपासलं मी, कधीही होईल. घरच्यांना सांगायला जायला आता वेळ नाही, पण काही वाटलं तर ते इथंच येतील. तुम्ही आहात ना दिवसभर?”

मी म्हणाले, “मी कुठं जाते? इथंच आहे.”

तिनं मला एक चिठ्ठी दिली. वहीचं अर्धं पान. रुग्णवाहिकेचा नंबर, हरसूलच्या दवाखान्याचा नंबर आणि खाली लिहिलेलं — आधी गाडी बोलवा, मग मोटारसायकलवर कुणाला तरी वर पाठवा, मी अर्ध्या तासात पोचते. अक्षर गोल होतं तिचं. मी चिठ्ठी वाचली. तिच्यासमोर वाचली. घडी करून पिशवीत टाकली.

हे वाचताना तुम्हाला पुढचं कळलंच असेल. तरी मला सांगू द्या, कारण मी ते कधी तोंडानं उच्चारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. घरात धड कपबशा नव्हत्या. तिच्या पातळाला मॅचिंग ब्लाउज नव्हतं. अकराच्या सुमारास हरसूलची जीप अंगणवाडीसमोर उभी राहिली आणि ड्रायव्हर म्हणाला, “येती का ताई, एक शीट हाय.” एक जागा. बस्स. मी मनात म्हटलं, सुनंदाला अजून आठवडा आहे. पहिलटकरणीला काय घाई असते? मी म्हटलं, दोनपर्यंत परत येईन. मुलांना खाऊ वाटायचा होता, तो मदतनिसीवर सोपवला आणि तिला सांगितलं, माझं डोकं दुखतंय, घरी पडते जरा. खाऊ झाला की कुलूप लाव.

चिठ्ठी तिच्याकडे देता आली असती. ती लिहायला-वाचायला शिकलेली होती. का नाही दिली? याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. चिठ्ठी दिली असती तर मी गावात नाही हे सांगावं लागलं असतं. कामाच्या वेळेत बाजाराला गेले हे पर्यवेक्षिकेच्या कानावर गेलं असतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

बाजारात मला उशीर झाला. कपबशा घेतल्या, निळ्या फुलांच्या. ब्लाउजपीस घेतलं. परत आले तेव्हा चार वाजून गेले होते. फाट्यावर उतरले तर बायांचा घोळका उभा. त्यांनी सांगितलं. सुनंदाचे लोक आधी उपकेंद्रात गेले, तिथं कुलूप. मग माझ्या अंगणवाडीत आले, तिथं कुलूप. माझ्या घरी गेले. मदतनिसीनं सांगितलं होतं ताई घरी पडल्यात, तर घरीही कोणी नाही. नवरा शेतावर, मुलगी मैत्रिणीकडे. माझं दार वाजवलं त्यांनी. किती वेळ वाजवलं असेल?

सुनंदा वाचली. मुलगा होता तिला.

मी घरी आले, चुलीपुढे बसले, चहाचं आधण ठेवलं आणि ती चिठ्ठी चुलीत घातली. विचार करून घातली, गडबडीत नाही. ती जळेपर्यंत बघत बसले. तोवर कुणी मला काही विचारलंसुद्धा नव्हतं. कुणी आरोप केला नव्हता. सिस्टर अजून वरून खाली उतरलीही नव्हती. म्हणजे बघा — माझं मन माझ्या किती पुढे धावलं होतं.

तिसऱ्या दिवशी समितीची बैठक बसली, सरपंचबाईंच्या ओट्यावर. सरपंचबाई सरळ स्वभावाच्या, तळमळीच्या. पहिल्यांदाच एवढी माणसं समितीच्या बैठकीला आली होती. सुनंदाचा सासरा आला होता. तो ओरडला नाही. म्हणाला, “आमचं म्हननं येवढंच हाय, दवाखान्यात मानूस का नव्हतं? कुनाला ठाव नाय, कुनी सांगाय नाय. आमी जायाचं कुठं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण रजिस्टर माझ्या हातात होतं. सिस्टरला बोलावलं नव्हतं. सरपंचबाई म्हणाल्या, “ताई, लिहा तुम्ही.” आणि मी लिहिलं. ‘सदर दिवशी आरोग्य सेविका कोणासही न कळविता उपकेंद्र बंद ठेवून गेल्या.’ ‘कोणासही’ हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. तो माझा. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. माझी सही शेवटी, सचिव म्हणून.

माझ्यावर विश्वास होता लोकांचा. मी लिहिलं म्हणजे तसंच असणार. म्हणूनच त्या दुपारी मी कुठं होते, हेही कुणी विचारलं नाही.

मग महिन्याभराने जनसुनवाई झाली. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. एका बाजूला साहेब लोक, समोर चार-पाच गावांची माणसं. सुनंदा आली होती, सासूच्या आडोशाला बसलेली. माझ्या मुलीचं लग्न तोवर ठरलं होतं.

सिस्टर उभी राहिली. तिनं पाड्यावर लसीकरण केल्याच्या नोंदी दाखवल्या. आशानेही सांगितलं की सिस्टर दिवसभर वर तिच्यासोबतच होत्या. तेव्हा साहेब म्हणाले, कामावर होतात हे मान्य. पण दिवस भरलेली बाई गावात आहे हे माहीत असताना कुणाला सांगून जायचं नाही? काही सोय करायची नाही?

म्हणजे सगळं येऊन त्या एका गोष्टीवर थांबलं.

सिस्टर म्हणाली, “सर, मी अंगणवाडीत ताईंना सांगून गेले होते. चिठ्ठी दिली होती.”

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, “खरं आहे का?”

मी उभी राहिले. मला वाटलं होतं, तोंडातून शब्द फुटणार नाही. पण फुटला. अगदी स्वच्छ. “नाही साहेब. मला काही सांगितलं नव्हतं.”

पटांगणात कुजबुज झाली. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर — पण नाही. तिला खरंच वाटलं असावं की मी विसरले. ती हळू म्हणाली, जशी घरात बोलायची तशी, “ताई, आठवून बघा ना एकदा.”

तिनं मला वाट करून दिली होती हो. ‘हां, हां, आठवलं, माझ्या ध्यानातून गेलं’ — एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. निम्मं खोटं, निम्मं खरं. लोकांनी चार शिव्या दिल्या असत्या. नोकरी गेली असती, न जाती. मी काय म्हणाले?

“आठवायचं काय त्यात? सांगितलं असतं तर मी बसून राहिले असते का?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी ओरडलं, ताई बरोबर बोलल्या. सिस्टर खाली बसली. 

आधी तिला नोटीस आली, मग बदली झाली. पार सुरगाण्याच्या टोकाला. मुलीपासून आणखी लांब. जाताना ती माझ्याकडे आली नाही. भाकरीचं एक भांडं तिच्याकडे राहिलं होतं, ते घासून-पुसून अंगणवाडीच्या पायरीवर ठेवून गेली. त्यात काही घातलेलं नव्हतं.

आता पुढचं ऐका, कारण मला सगळ्यात जड जातं ते हे आहे. त्या बैठकीनंतर ग्रामपंचायतीने सुधारणा केल्या त्या खऱ्या केल्या. उपकेंद्राच्या फाटकाला फळा लावला. सिस्टर आज कुठं आहे, कधी परत येणार, तिच्या जागी कुणाला गाठायचं, हे रोज त्यावर लिहायचं. निरोप एकीकडे नाही, दोघींकडे ठेवायचा, आणि दोघींनी गाव सोडायचं नाही. सोडायचं झालं तर तिसरीला सांगायचं. जीपवाल्यांच्या पाळ्या लावल्या. दिवस भरत आलेल्या बायांची नावं मासिक सभेत घ्यायची, म्हणजे सदस्यांना म्हणता येऊ नये की आम्हाला माहीत नव्हतं. त्यानंतर आमच्या गावची बाई वाटेत बाळंत झाली नाही.

फळ्याची कल्पना माझी. दोघींकडे निरोप ठेवायची कल्पनाही माझीच. लोक म्हणतात, ताईंना कसं बरोबर सुचलं! सुचणारच की. भोक कुठं होतं हे आख्ख्या गावात मला एकटीलाच माहीत होतं.

कधी कधी मी मनाला सांगायची, बघ, एक गेलं पण त्यातून किती वाचली. पण ते आधी सिस्टरच्या तोंडावर बोलून दाखव म्हटलं तर बोलता येईल का मला? फळा तर मी खरं बोलले असते तरी लागलाच असता. उलट लवकर लागला असता. आणि सिस्टर राहिली असती. तिच्यानंतर उपकेंद्राची जागा वर्षभर रिकामी होती, हे मी प्रशिक्षणात सांगत नाही. पाड्यावरची एक म्हातारी, बीपीच्या गोळ्या बंद पडल्यावर, माझ्या ओट्यावर येऊन बसली होती. म्हणाली, “ती पोर बरी व्हती गं. आपुनच घालवली.” मी तिला पाणी दिलं.

तिची-माझी भेट झाली पुन्हा. पाच-सहा वर्षांनी, नाशिकला द्वारकेवर. मी सिन्नरच्या गाडीसाठी उभी होते, प्रशिक्षणाला निघालेली. हो, तीच गोष्ट सांगायला. गर्दीतून कुणीतरी “ताई” म्हणालं. मी वळले. केस पुढून पांढरे झाले होते तिचे. मी ओळख न दाखवता निघून गेले असते, पण तिनं माझा हात धरला होता.

तिनं विचारलं, “सुनंदाला पुढं काही झालं का?”

“मुलगी झाली,” मी म्हणाले. “चांगली आहे.”

“रक्त वाढलं होतं का तिचं? गोळ्या घेतल्या?”

“घेतल्या.”

“बरं झालं,” ती म्हणाली. आणि मग नुसतीच उभी राहिली. ती वाट बघत होती का? का मलाच तसं वाटलं? एवढ्या रिक्षा, एवढे हॉर्न, आणि आमच्या दोघींमध्ये अशी शांतता, की मी एक शब्द बोलले असते तर तिला नक्की ऐकू आला असता. गाडी आली. मी म्हणाले, येते मी. चढले. जागा मिळाली, खिडकीची. तिकडे बघितलं नाही. दीड तासाने सिन्नरला मी माइक हातात घेतला आणि ‘सिस्टर कुठं गेली कुणालाच ठाऊक नव्हतं’ हे वाक्य नेहमीच्याच ठिकाणी, नेहमीसारखंच म्हटलं.

आशा मला कधी काही बोलली नाही. पण त्या जनसुनवाईनंतर तिनं माझ्या घरचा चहा घेतला नाही. तिला कळलं असेल का? मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. ग्रामपंचायतीच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. साडी दिली, नारळ दिला, सरपंच बोलले — आता नवे सरपंच आहेत. मग बायांमधून सुनंदा उठली. तिला चारचौघांत बोलायची सवय नाही. मुलीचा हात धरून पुढे आली आणि म्हणाली, “मला लय बोलता येत नाय. माझं बाळ गेलं तवा मी पडून व्हते. माझ्यासाठी कुनी बोललं नाय. ताई बोलल्या.”

तिच्या हातात ताट होतं. खण, तांदूळ, सुपारी, हळदीकुंकू. तिनं माझी ओटी भरायला ताट पुढं केलं. सगळ्या बाया बघत होत्या. एक क्षण मला वाटलं, आता. आता बोलावं. तिच्या तांदळाच्या ओंजळीकडे बघत मी तोंड उघडलंसुद्धा.

मग मी पदर पुढे केला. तिनं तीन ओंजळी घातल्या. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “सुखी राहा.”

ते तांदूळ आम्ही घरात शिजवून खाल्ले.

वैशाली सिस्टरनं मला सांगितलं होतं. चिठ्ठी दिली होती. ती मी वाचली होती. सुनंदाचं बाळ चिठ्ठीनं वाचलंच असतं असं मी म्हणत नाही, आणि वाचलं नसतं असंही मला म्हणता येत नाही.

सुनंदाला वाचता येत नाही. हे लिहायला बसले तेव्हा मला ते माहीत होतं.